एक इंच खाली

लिफ्टवाले काका चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. त्यांच्या लग्नाइतकीच जुनी, एक्केचाळीस वर्षांची. काकू शिलाईकाम करतात. गाडीचं नाव त्या घेत नाहीत, ‘ती’ म्हणतात.

“तिला तेल पाजलंत? माझं मशीन कधीचं कुरकुरतंय.”

दर हिवाळ्यात एका बंद कारखान्याच्या मैदानात ऑटोक्रॉस होते. ठरलेल्या जागी रबरी शंकू मांडतात, एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत पळायचं, पंच वेळ लावतात. शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात. सहा वर्षांत काका एका मिनिटाच्या आत एकदाही आले नव्हते. वळणावर गाडी एका कुशीवर झुकायची आणि तिथंच वेळ जायचा. यंदा बुधवारी त्यांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, त्यानंतर क्लच विसरा. म्हणजे उरला तो आधीचा, शर्यतीचा रविवार.

गाडी जमिनीजवळ आली की कमी झुकते, म्हणून काका स्प्रिंगा बदलायला निघाले.

दुकानदारानं काउंटरवर दोन सेट ठेवले. एक गाडीला इंचभर खाली आणणारा, दुसरा दोन इंच.

“दोन इंचवाला न्या, काका. गाडी जमिनीला चिकटेल.”

“चिकटली तर पळेल कशी?”

“दिसते काय झकास!”

“मला दाखवायला नाही न्यायची.” काकांनी दोन इंचवाली स्प्रिंग उभी धरली, वेढ्यांमधल्या फटीत बोट घातलं. “हिला दबायला जागा किती उरेल? लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात धक्का झेलायला असते तशीच ही. पूर्ण दबली की स्प्रिंग संपली, उरला लोखंडाचा ठोकळा. आमच्या मैदानात खड्डे आहेत.”

“आयुष्यभर लोकांना वर नेलंत आणि आता खाली यायलाही घाबरता!”

“बांध ती एक इंचवाली.”

शनिवारी सकाळी जावई मदतीला आले. ते कॉम्प्युटरवाले, पण हौस दांडगी. गाडी जॅकवर चढली, चाकं लोंबकळली, जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या बसल्या. एकेक बोल्ट जावयांनी दात-ओठ खाऊन आवळला. दुपारी गाडी खाली उतरवली. काकांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावला.

“किती, बाबा?”

काकांनी पुन्हा लावला. “होती तेवढीच. सूतभरही खाली नाही.”

“चुकीचा सेट दिला त्यानं! दुकान बंद झालं असेल आता. एक वेढा कापू या?” जावयांनी ग्राइंडर उचललासुद्धा.

एरवी त्यांनी ग्राइंडर हिसकावून घेतला असता. आज त्यांनी तिसऱ्यांदा टेप लावला.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप टेकवायला जागा मिळेना, म्हणून तशाच उभ्या राहिल्या.

“काय झालं? तोंडं का उतरलीत?”

“तोंडंच उतरलीत, गाडी नाही,” जावई म्हणाले.

“बोल्ट कधी आवळलेत?”

“जॅकवर असताना, आई. मग कधी?”

“म्हणजे लोंबकळत असताना?” काकूंनी कप जावयांच्या हातात दिला. “हात वर करायला लावून कोटाची बाही बेतली, तर हात खाली आल्यावर कोट ओढणार नाही का? शिकाऊ पोरी करतात असं.”

काका एकदम खाली बसले. खुबा दुखला, तरी बसले. सस्पेन्शनच्या सांध्यांत रबरी बुश असतात. गाडी हवेत असताना ते आवळले की तिथंच जखडतात. मग खाली उतरवली की तेच रबर पिळून गाडीला वर धरून ठेवतं. स्प्रिंगांचा काही दोष नव्हता.

“चौतीस वर्षं पाने फिरवले मी,” ते म्हणाले.

“लिफ्टचे,” काकू म्हणाल्या.

चाकं जाड फळ्यांवर चढवून गाडी उभी केली, म्हणजे वजन चाकांवरच आणि खाली शिरायला जागा. बोल्ट सैल केले. काका स्टिअरिंगमागे वजनाला बसले, कारण धावताना त्यांचंच वजन असणार होतं. जावई खाली घुसून पुन्हा बोल्ट आवळू लागले.

“हलू नका, बाबा!”

“श्वास घेऊ का?”

टेप लावला. एक इंच खाली, शिवाय एक सूत.

रविवारी तीन फेऱ्या होत्या. पहिली साठ पूर्णांक आठ. गाडी झुकत नाही याची हातांना सवय नव्हती, काका उगाच आधी वळवत होते. दुसरी एकोणसाठ पूर्णांक सात. जावयांनी उडी मारली, तेवढ्यात पंचांनी दोन बोटं वर केली. शेवटच्या वळणावर एक शंकू आडवा पडला होता.

“पाय कसा आहे?” काकूंनी खिडकीतून विचारलं.

“आहे.”

तिसऱ्या फेरीत मधल्या खड्ड्यावरून गाडी दबली, कुठं आपटली नाही, सरळ पुढं निघाली. शंकू सगळे उभे. फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, एकोणसाठ पूर्णांक नऊ.

जावई पळत आले, दार उघडलं. काका बसूनच होते.

“बाबा, उतरा ना! जमलं!”

“पाय येत नाही बाहेर.”

एका काखेत जावयांनी हात घातला, दुसऱ्या काखेत काकूंनी. पहिल्या झटक्यात काका अर्धे उठले आणि परत सीटवर आदळले.

“गाडी खाली आणलीत हौसेनं,” काकू धापा टाकत म्हणाल्या. “आता माणूस वर कोण आणणार?”

“दोन इंचवाली घेतली असती,” काका फळ्याकडे बघत म्हणाले, “तर क्रेन लागली असती. ओढा.”