एकतीस जुलैच्या आधी

नोबुएबाईंना बेसबॉल कळत नाही. आमच्या मिसागो संघाच्या वसतिगृहात त्या सव्वीस वर्षं स्वयंपाक करतायत, पण किती जण बाद झाले की डाव संपतो, हे आजही विचारून बघा. "तीन ना? की नऊ?" म्हणतील आणि वर हसतील. मी या संघाचा अकरा वर्षं कॅचर होतो, गुडघे कामातून गेल्यावर वसतिगृहाचा प्रमुख झालो. मला सुरुवातीला त्यांच्या या अज्ञानाचा भारी राग यायचा. बेसबॉलवर जगायचं आणि बेसबॉल बघायचा नाही, हे काय?

नवरा गेल्यावर त्या इथे तीन महिन्यांसाठी बदली म्हणून आल्या होत्या. आधीच्या बाई परतल्याच नाहीत आणि यांना जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पहाटे पाचला त्यांचा पहिला तांदूळ धुवून होतो. अडतीस पोरं, सगळी अठरा ते तेवीस वर्षांची. एकेक जण चार-चार वाट्या भात हाणतो. फेब्रुवारीत पोरं मियाझाकीला सरावाला गेली की बाई रिकाम्या जेवणघरात फडकं मारत उगाच फिरतात. एप्रिलात सामने सुरू झाले की पोरांना भूक लागते. जूनच्या ओल्या, चिकट हवेत तीच भूक मरते, मग बाई थंड नूडल्स करतात, आंबट आलुबुखार वाढतात, बळंच खायला लावतात. संघ जिंकला का हरला, हे त्या कधी विचारत नाहीत. ताटात काय उरलं ते बघतात.

"मावशी, आज परत मासा?" असं कुणी कुरकुरलं की म्हणतात, "मग काय तुझं डोकं तळू? त्यात आहे काय खाण्यासारखं?"

आता कुवाजिमाची गोष्ट. रित्सु कुवाजिमा, चेंडू फेकणारा पिचर, एहिमेतल्या संत्र्यांच्या बागेतलं पोर. पाठीवर नंबर एकशे चोवीस. आमच्यात तीन आकडी नंबर म्हणजे उमेदवार. दोन आकडी नंबर मिळेपर्यंत मुख्य संघाच्या मैदानावर उभं राहता येत नाही, आणि हंगामात तो एकतीस जुलैपर्यंत मिळाला तर मिळाला. कुवाजिमाचं हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. तीन वर्षांत नंबर नाही मिळाला तर ऑक्टोबरात घरी.

आणि यंदा पोरगं फेकत होतं हो! जूनअखेर सात सामने जिंकले. व्यवस्थापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इसोबे, जुलैअखेर याला अडुसष्ट नंबर द्यायचा विचार आहे. बोलू नकोस." मी कुठला गप्प बसतोय? त्याच संध्याकाळी कुवाजिमाला सांगून टाकलं. माझ्यासमोर त्याने नुसती मान डोलावली, पण मागच्या अंगणात जाऊन दोन्ही हात वर करून उड्या मारताना मी त्याला खिडकीतून पाहिलं.

पाच जुलैला सकाळी तो बेसिनपाशी तोंड धूत होता. डाव्या हाताने, एकाच. उजवा हात खाली लोंबत होता.

मी आयुष्यभर पिचरच्या समोर उकिडवा बसलेला माणूस. उजव्या हाताच्या पिचरला उजव्या हाताने तोंड धुता येत नसेल, तर त्याचं कोपर वाकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी टॉवेल उचलला आणि निघून आलो. मनात म्हटलं, सव्वीस दिवस. नंतर बघू.

बाईंना कळलं सोळा तारखेला. न्याहारी झाली, पोरं उठली, तशी त्यांनी कुवाजिमाला थांबवलं. मी पलीकडे चहा पीत होतो.

"हात दाखव."

"कसला हात, मावशी?"

"उजवा. चार दिवस बघतेय. घास तुझ्या तोंडाकडे येत नाही, तुझं तोंड वाटीत जातंय. तुझ्या आईने असं खायला शिकवलेलं नाही."

त्याने हसून टाळायचा प्रयत्न केला. बाईंनी भाताचं भरलेलं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. "उचल." त्याने ते उचललं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

मग तो तिथल्या तिथे फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून म्हणाला, "एकतीसपर्यंत, मावशी. फक्त पंधरा दिवस. पाया पडतो. एकदा नंबर मिळू दे, मग हात कापून टाका."

"कापून टाका म्हणे! वांगं आहे का ते?" त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "ऊठ आधी."

तो उठून गेला. बाई माझ्याकडे वळल्या. "इसोबेसान, पोराचं कोपर गेलंय. तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. चहा संपला होता, तरी मी कप तोंडाला लावला.

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी एप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला, आणि स्वयंपाकघरातल्या सपातांनिशीच बाहेर पडल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या सरावाच्या मैदानावर गेल्या. लाल मातीतून सरळ मधोमध चालत गेल्या. मैदानाची पांढरी रेघ खेळाडूंशिवाय कुणी ओलांडायची नसते, हे त्यांना कुठे माहीत? सगळा सराव थांबला. पोरं बघत राहिली. व्यवस्थापकांपुढे कमरेत वाकून त्या काहीतरी बोलल्या आणि तशाच परत आल्या. दुपारी जेवण वेळेवर तयार होतं.

कोपरातला स्नायुबंध अर्धा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन सामन्यांत फेकलं असतं तर पुरता तुटला असता. शस्त्रक्रिया झाली. वर्षभर चेंडू फेकायचा नाही. एकतीस जुलैला अडुसष्ट नंबर दुसऱ्याच एका पोराच्या पाठीवर गेला.

कुवाजिमा जेवणघरात यायचा बंद झाला. नाक्यावरच्या दुकानातून पाव आणायचा, खोलीत बसून खायचा. जिन्यात बाई समोर आल्या तर मान फिरवायचा. एकदोन पोरांनी बाईंना पाठीमागे चहाडखोर म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या कानावर ते गेलं असणार, कारण हल्लीची पोरं पाठीमागे बोलतात तेही मोठ्याने. बाईंनी मात्र रोज तिन्ही वेळा कुवाजिमाचं ताट वाढलं, झाकून ठेवलं, आणि रोज तसंच मागे घेतलं.

एकदा मी वैतागून म्हणालो, "कशाला रोज नासवता? तो येणार नाही."

"वाढायचं काम माझं आहे. ते करू द्या."

तो यायचा माझ्या खोलीत. संध्याकाळी टीव्हीवर मुख्य संघाचा सामना लावून आम्ही दोघं बसायचो. घरून आलेली संत्री तो डाव्या हाताने सोलायचा, मला द्यायचा. कधी बापाबद्दल बोलायचा, कधी रडायचा. "काका, तुम्ही होतात म्हणून," असं एकदा म्हणाला. मी हातातली फोड परत ताटलीत ठेवली. तरीही मी बोललो नाही. भित्रा माणूस असा असतो.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला ऑफिसातून फोन आला. उद्या दहाला या, सूट घालून. ऑक्टोबरात सूट म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

सकाळी तो टाय घेऊन माझ्या खोलीत आला. हाताला पट्टा, गाठ मारता येत नव्हती. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, गाठ मारायला लागलो. एवढ्या जवळून त्याच्या तोंडाकडे बघत मला गप्प राहवेना.

"कुवाजिमा, मला पाच जुलैला कळलं होतं. तू एका हाताने तोंड धूत होतास. बाईंच्या अकरा दिवस आधी. मी बोललो नाही. मलाही तो नंबर हवा होता, रे. तुझ्यासाठी म्हणत होतो, पण मलाच हवा होता. मी वाढवलेलं पोर मुख्य संघात, असं सगळ्यांना सांगायचं होतं. मधले दोन सामने तू माझ्या गप्प बसण्यावर फेकलेस."

 मी गाठ वर सरकवली. त्याने मान खाली घालून गाठ पाहिली, बूट घातले आणि गेला.

साडेअकराला परत आला तो सरळ स्वयंपाकघरात. मी दारातच होतो, माझ्या अंगावरून गेला. बाई गाजरं चिरत होत्या.

"सोडलं मला," तो म्हणाला.

"हं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "कोपर?"

"बरं होतंय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या पावसाळ्यानंतर फेकता येईल. एखाद्या कंपनीच्या संघात बघेन. नाहीतर बाग आहेच."

"अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे." मग तो एकदम लहान पोरासारखा बोलला. "पण मावशी, इसोबेकाकांना तुमच्या आधीपासून माहीत होतं. ते गप्प बसले. आणि मी इतके दिवस तुमच्याशी बोललो नाही, त्यांच्याशी बोललो."

 बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"ठाऊक आहे मला. तू पातेलं उचललंस त्याच सकाळी रिकामा कप पीत होते, तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? सगळे तुम्हाला काय काय म्हणत होते!"

"सांगून काय झालं असतं? तू त्यांच्याशीही बोलायचा बंद झाला असतास." बाईंनी पातेल्याचं झाकण काढलं, वाफ वर आली. "इतक्या वाईट दिवसांत घरात एक तरी माणूस बोलायला हवं होतं ना तुला? बस आता. इसोबेसान, तुम्हीही बसा, दारात काय उभे राहिलात?"

आम्ही दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसलो. बाईंनी दोन वाट्या भरून आणल्या आणि पहिली त्याच्यापुढे ठेवली.