ताजं दुखणं घेऊन या

पेशंट बरा दिसला की ज्याचा पारा चढतो असा डॉक्टर अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो अकोल्यात आहे. सत्तरी ओलांडलेली, उंची बेताची, आवाज मात्र असा की आमच्या संघटनेला मिळाला असता तर माईक लागलाच नसता. सांध्यांचे डॉक्टर. दवाखाना सकाळी सहा ते नऊ. नऊनंतर प्रत्यक्ष कलेक्टर गुडघा धरून आला तरी हे त्याला सांगणार, "आता काय पाहू? दुखणं शिळं झालं. उद्या ताजं घेऊन या." ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत आहे. आमच्यासारख्यांचे सांधे रात्रभर पडून राहिले की आखडतात, पहाटे माणसाचं लाकूड होतं, आणि हललं-फिरलं की दहा-अकरापर्यंत तेच लाकूड पुन्हा माणूस होतं. बाकीचे दवाखाने उघडतात अकराला. "मंग त्याईले काय दिसन? धडधाकट माणूस दिसन! देते एक गोळी अन् पाठवते घरी," असं म्हणून ते टेबलावर हात आपटतात, आणि टेबलावरचा प्लॅस्टिकच्या मणक्यांचा सांगाडा बिचारा दर वेळी थरथरतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी पाच वर्षं त्या अकराच्या दवाखान्यांत गेली होती. मी अमरावतीची, राजापेठेतली. पत्रकं लिहिणं हा माझा धंदा म्हणा, खोड म्हणा. मुलींच्या वसतिगृहाला पाणी नाही, काढा पत्रक. वाचनालय सहालाच बंद होतं, काढा पत्रक. आणि ही पत्रकं वाटणारी मुलगी सकाळी स्वतःच्या खाटेवरून उठू शकत नव्हती. कूस बदलायची तर आधी मनात ठराव पास करावा लागे. मोजे घालणं ही मोहीम. पण संध्याकाळपर्यंत कंबर मोकळी व्हायची आणि मी चौकात उभी राहून तासभर घोषणा द्यायची. आता मला सांगा, कोण विश्वास ठेवील? आईसमोर रोज पुरावा होता. ती झाडू हातात घेऊन दारात उभी राहायची. "काहून वं, कामाच्या वेळेलेच दुखते काय तुले? संध्याकाळी मोर्च्यात बरी कंबर चालते!" आईचं चुकत होतं असं आज म्हणता येतं. तेव्हा तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित मोठ्या टायपात छापून.

त्या डॉक्टरांना मात्र मी माफ करणार नाही. एकानं सांगितलं, फिरणं कमी करा, आराम करा. मी आराम केला आणि दुप्पट आखडले. दुसऱ्यानं एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरण्याआधीच "नॉर्मल" म्हणाला. तिसऱ्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, आईला विचारलं, "लग्नाचं पाहताय का? झालं की बरं वाटेल." लग्न हे औषध असेल तर ते दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, हे तरी लिहून द्यायला हवं होतं! त्या दिवशी मी भांडले. पण खरं सांगायचं तर भांडून घरी आल्यावर मला वेगळीच भीती वाटली. आपण खरंच सोंग तर करत नाही ना? दुखणं इतकं खरं, आणि ते दाखवता येत नाही. अशानं माणूस हळूहळू स्वतःच्याच विरोधात साक्ष द्यायला लागतो.

अकोल्याच्या मामांनी या डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा मी आधी त्यांची वेळ ऐकून पेटले. आजारी माणसांना पहाटे सहाला बोलावतो? मस्ती आहे का? आदल्या संध्याकाळी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला येताना गाडीतच मी "रुग्णांची पहाटेची पिळवणूक थांबवा" या मथळ्याचा मसुदा तयार केला होता. तो पर्समध्ये घेऊन सकाळी मामांबरोबर पोचले. अंगणात एक कडुनिंब, आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं गोल गोल चालत होती. कुणी लंगडत, कुणी भिंत धरत, कुणी सुनेचा हात धरून. घोषणा नसलेला मोर्चा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बसायला एक बाक होता, पण कुणी टेकलं की वरून गर्जना व्हायची, "बसले काहून? बसलं का आखडते! फिरा!"

दवाखान्याला चार पायऱ्या. वर व्हरांड्यात डॉक्टर उभे, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलेलं. मी कठडा पकडून, आडवी होऊन, लहान मुलासारखे एका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढत होते. त्यांनी हात दिला नाही. मामांनी द्यायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "सोडा तिले!" मी मनात वाक्यं रचत होते: सांध्यांच्या दवाखान्याला पायऱ्या, रॅम्पचा पत्ता नाही, डॉक्टर उभा राहून तमाशा पाहतो. चौथ्या पायरीवर तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"दोन मिनिट दहा सेकंद. चार पायऱ्यांले." मग घड्याळ खिशात टाकून, अगदी सहज, "हे ढोंग नाई."

मी त्यांना ढोंगाबद्दल काहीच बोलले नव्हते. नंतर कळलं, त्या कडुनिंबाखालच्या प्रत्येकाला कुणी ना कुणी हा शब्द ऐकवलेला असतो, म्हणून डॉक्टर तो आधीच खोडून टाकतात. पोलिसांनी गाडीत कोंबलं तेव्हाही न रडलेली मी तिथे, वीस माणसांसमोर, हुंदके देऊन रडले. मामा गडबडले. डॉक्टर म्हणाले, "रडू द्या. रडल्यानं सांधे खराब होत नाई." आणि माझं नाक पुसून झाल्यावर, मी रॅम्पचा मुद्दा काढायच्या आत, "मागच्या दाराले रॅम्प हाय. जातानी तिकून जा. येतानी मले तू चढतानी पाह्यची होती."

आत मामांनी चूक केली. मदत करावी म्हणून ते म्हणाले, "साहेब, पोट्टी तशी ठणठणीत हाय. संध्याकाळी भाषणं ठोकते." डॉक्टरांनी कपाटातून लोखंडी पट्ट्यांचा कमरपट्टा काढला, मामांच्या पोटाला करकचून आवळला, त्यांना एका बुटक्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आता बुटाची नाडी बांधा." आमचे मामा हे पोटाला मान देणारे गृहस्थ. ते उजवीकडून वाकले, डावीकडून वाकले, पाय वर आणायला गेले तर स्टूलच मागे सरकलं. तोंड टमाट्यासारखं झालं. शेवटी हात जोडले, "सोडा ना जी साहेब, पाच मिनिटं झाले." डॉक्टर म्हणाले, "तुमाले पाच मिनिटं झाले. पोरीले पाच वर्षं झाले." त्यानंतर आजपर्यंत मामांनी माझ्यासमोर 'ठणठणीत' हा शब्द वापरलेला नाही.

माझ्या आजाराचं नाव त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. हे कुठल्याही घोषणेत बसत नाही, मी प्रयत्न केलाय. मणके सुजतात आणि हळूहळू एकमेकांना चिकटायला बघतात. ते हेही सरळ बोलले, "हे जाणार नाई. जाईन असं सांगणारा भेटला तर उठून ये. पण मी तुले वाकू देणार नाई, अन् तू बी मले वाकून दाखवायची नाई." एवढं खरं मला पाच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. बरं होणार नाही हे ऐकून कुणाला इतकं हलकं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

पण पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. त्यांनी रोजचं दुखणं लिहून आणायला सांगितलं होतं. मी चौदा पानं लिहून नेली. अमानुष, असह्य, पाशवी, जीवघेणं. एकही शब्द वाया घालवला नव्हता. त्यांनी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून विशेषणं कापत सुटले. "'असह्य' म्हंजे काय वं? पोळी लाटता येते का नाई? वेणी घालता येते? मोजा किती मिनिटात चढते? ते लिहून राह्यली नाई तू." मी म्हटलं, डॉक्टर, भाषेला धार लागते. ते म्हणाले, "धार मले नको, माप पाह्यजे." चौदा पानांतून सव्वा पान उरलं. मी जाम चिडले होते. पण त्या सव्वा पानावरून त्यांनी गोळी बदलली आणि तिसऱ्या आठवड्यात मी एका दमात कूस बदलली, हेही नोंदवलंच पाहिजे. मोजे दोन मिनिटांत. हे मी लिहून नेलं तेव्हा त्यांनी ते वाचून वहीवर बरोबरची खूण केली, शाळेतले मास्तर करतात तशी.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. गाव आणि सांधा राहतो. "पातूरचा गुडघा आला काय?" "बार्शीटाकळीचं मनगट, तू आधी ये." मी 'अमरावतीची कंबर'. बाईमाणसाला भर अंगणात कंबर म्हणून हाक मारणं हे कुठल्या सभ्यतेत बसतं, असा माझा लेखी निषेध त्यांच्याकडे आजही पडून आहे. तो वाचून म्हणाले, "तू तं लोकाईले 'जनता' म्हणते. मी निदान गुडघा तरी म्हणतो." आणि बार्शीटाकळीच्या मनगटाला, म्हणजे शेतात निंदायला जाणाऱ्या एका बाईला, त्यांनी हातात नीट बसेल अशी खुरप्याची जाड मूठ सुताराकडून घडवून दिलेली मी पाहिली आहे. नाव मात्र तिचंही विसरतात.

'सहन कर' हे दोन शब्द त्यांच्या दवाखान्यात कुणी उच्चारले की ते औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबतात. एका सासऱ्यानं सुनेला सांगितलं, थोडं सहन करावं लागतेच. डॉक्टर म्हणाले, "सहन करणं हे काय काम हाय? त्याची काय मजुरी भेटते?" आणि त्याच चिठ्ठीवर, सुनेच्या गोळ्यांखाली, सासऱ्याच्या नावानं लिहून दिलं: सकाळचं पाणी भरणे, रोज, सहा महिने. म्हातारा ती चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेला होता म्हणतात.

यंदा आई पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. इतकी वर्षं ती कामाचं निमित्त काढत होती. मीही फार आग्रह धरला नव्हता. डॉक्टरांनी या वेळी माझा सर्वांत जुना एक्स-रे मागवला होता, तोच, न पाहता नॉर्मल ठरलेला. आई बाहेर चपला काढत असताना त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. नीट पाहिला. कमरेच्या तळाच्या दोन सांध्यांवर बोट ठेवून हळू म्हणाले, "पाह्य. तवाच पुरं होतं. दुखणं तं आतापेक्षा जास्तच असन." मी पाहिलं. मला काही कळत नव्हतं, पण ते दोन पांढुरके डाग होते आणि ती माझी विशीची सकाळ होती.

तेवढ्यात आई आत आली. खुर्चीच्या कडेला टेकली. गोळ्या, व्यायाम, पुढची तारीख, सगळं ऐकून घेतलं. उठायच्या वेळी मात्र उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी हिले लय बोलली जी. सकाळी सकाळी बोलली. तवा बी हिले इतकंच दुखे काय?"

मी ज्या माणसाकडून माप शिकले, ज्यानं माझी चौदा पानं कापली, जो बरं होणार नाही हे तोंडावर सांगतो, तो माणूस आईकडे पाहत होता. मग त्यांनी ती फिल्म हळूच वर्तमानपत्राखाली सरकवली.

"नाई जी, बाई," ते म्हणाले. "तवा तं सुरुवात असते. थोडंसंच दुखत असन. एवढ्याशात मायले काय समजन? डॉक्टराले समजलं नाई."

आईनं मोठा श्वास सोडला. माझ्याकडे वळून म्हणाली, "होय काय वं?"

"हो," मी म्हटलं. "थोडंसंच."

आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. आईनं माझा हात धरला, अगदी घट्ट, आणि रिक्षापर्यंत सोडला नाही. त्या दिवशी मला आधाराची काहीच गरज नव्हती. पण मी हात तसाच राहू दिला, आणि तिच्यासाठी जरा हळू चालले.