मामांच्या मांडीवरचे फ्यूज

मी एकदा विमान तारेत घातलं. तार नवी नव्हती, हवा स्वच्छ होती, आणि ती तार तिथे आहे हे मला आदल्याच संध्याकाळी दाखवलेलं होतं. दाखवणारे होते माझ्या बायकोचे मामा. तारेचा इतका धसका घेतलेला दुसरा माणूस तंजावरच्या मुलखात झाला नाही आणि होणारही नाही.

मामा पापनाशमजवळचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुजलेले मराठी शेतमालक. त्यांची मराठी खापरपणजोबांच्या काळातली आणि हेल चोख तामीळ, त्यामुळे ते रागावले तरी माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या माणसाला स्तोत्र ऐकल्यासारखं वाटायचं. माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. मामा त्याच्या डोक्यावरून काही गेलंय का ते बघत. घरात कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नव्हती, मामींची लुगडी वेळूवर वाळायची. देशाची दारं उघडली म्हणतात ती ही वर्षं. आमच्याकडे त्या दारातून आधी टीव्हीची केबल शिरली आणि नारळावरून नारळावर उड्या मारत गावभर पसरली. मामांनी तिला आपल्या नारळांना शिवू दिलं नाही. मामी मालिका बघायला शेजारी जात आणि घरी आल्यावर पुढे काय झालं ते मामांना मुद्दाम सांगत नसत. आमच्या लग्नात तर भाचीला बोहल्यावर आणायचं सोडून हे मांडवात वर बघत उभे. दिव्यांची एक माळ माझ्या डोक्यावर लोंबत होती, ती उतरवेपर्यंत त्यांनी भटजींना थांबवून धरलं. "मुहूर्त दुसरा मिळेल," म्हणाले, "जावई दुसरा कुठून आणूं?"

भातावर तुडतुडे पडले की छोट्या विमानातून औषध फवारायचं, ही माझी नोकरी. चाकं ओंब्यांना लागतील इतकं खाली उडायचं. मामांना हे कळल्यापासून त्या भागात फवारणी असली की आदल्या संध्याकाळी ते मला मोपेडवर मागे बसवून शेताला फेरी मारत आणि छत्रीच्या टोकाने आभाळ दाखवत. "तार पाहूं नका, जावई. तार दिसत नसते. खांब पाहा, आणि त्याचा भाऊ कुठे उभा आहे ते विचारा. एकटा खांब कधी असतो कां?" मी मान डोलवायचो. डोलवायला माझी मान फार चांगली आहे.

त्या दिवशी फवारणी मामांच्याच शेतावर होती. एक तार शेताच्या कोपऱ्यावरून, कालवा ओलांडून, शेजाऱ्याच्या पंपाकडे जायची. जावई उडताना बघायला तिरुवैयारुहून बायकोची सगळी माणसं डबे घेऊन आली होती. मामा मात्र त्यांच्यात नव्हते. त्यांनी वायरमनला भल्या सकाळी घरून उचलून आणलं, ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज काढायला लावले, आणि ते मांडीवर घेऊन खालीच बसले. शेजारी कावला. "अहो अय्या, आज पाण्याची पाळी माझी! पंप कसा चालवू?"

"विमान उतरूं दे, मग चालव. तोपर्यंत सुम्मा, उगी बैस."

मी शेत छान संपवलं. मग शेवटच्या फेरीला बांधावर मेहुण्या हात हलवताना दिसल्या. मीही पंख हलवला. जरा जास्तच ऐटीत, जरा जास्तच खाली. खांब दिसला, त्याचा भाऊही दिसला, आणि खाडकन आवाज झाला.

विमान मुरडलं, पण तार चाकाला अडकून तुटली आणि मी लटपटत का होईना, धावपट्टीवर उतरलो. तारेचं दुसरं टोक कालव्यापलीकडे पडलं होतं. तिथे शेजाऱ्याच्या शेतात घोटाभर पाण्यात बायका निंदणी करत होत्या, आणि तार थेट त्यांच्यात पडली होती. तारेत वीज नव्हती. बायका नुसत्या ओरडल्या, आणि मग मला उद्देशून जे काही बोलल्या, त्याचा अर्थ बायकोने मला कधी सांगितला नाही. मी कुणाची तरी मोपेड मारत पोचलो तेव्हा मामा फ्यूज तसेच मांडीवर धरून होते. शेजारी त्यांच्या शेजारी बसला होता, पाण्याची पाळी विसरून. त्या निंदणाऱ्यांत त्याची बायको होती.

मामांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या निंदणाऱ्यांतली एक बाई आता म्हातारी झालीय; पापनाशमच्या स्टँडवर दिसली की मी उगाचच नमस्कार करतो आणि ती उगाचच हसते. पुढे मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना खांबसुद्धा दिसेनासे झाले. एका दुपारी त्यांच्या झोपाळ्याजवळ बसलो असताना, इतकी वर्षं मनात राहिलेलं बोललो. म्हटलं, "मामा, तुमच्यामुळे त्या बायका जगल्या, आणि मी रात्री झोपू शकतो. पण एक सांगा. एरवी तुम्ही तारा नुसत्या दाखवायचा. फ्यूज त्याच दिवशी का काढायला लावलेत?"

मामांनी झोपाळा थांबवला.

"एरवी तुम्हांला पाहायला कोणी येत नसे कीं."