तिठ्यावरची हेकाटी

बाबा मला 'बाई' म्हणायला लागले, त्या आठवड्यात मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. रागाने नाही, ठरवूनही नाही. हात पुढे होईना, एवढंच. आई गेल्यावर आम्ही बाबांना यवतमाळहून इथे अमेरिकेत, रेडमंडला आणलं, तेव्हा ते फक्त नावं विसरत होते, चष्मा फ्रिजमध्ये ठेवत होते. उन्हाळा सरता सरता मीच त्यांच्या डोक्यातून निघून गेले. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर पलंगावर थोडं सरकून मला जागा करून देत म्हणाले, "बसून घ्या बाई, गाडी सुटून राहिली आता." त्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि त्या घटकेला त्यांच्या गाडीतली कुणी एक प्रवासी झाले होते. मी बसले. दुसरं काय करणार?

मग रोज दुपार कलली की त्यांना घाटंजीची गाडी काढायची असायची. स्वेटर चढवून, खिसे चाचपत ते दाराशी यायचे. आम्ही दाराला वरच्या बाजूला जादा कडी बसवून घेतली. रात्री मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, कान दाराकडे. नवरा म्हणायचा, "अगं यार, किती दिवस अशी काढणार? आज मी झोपतो ना खाली." पण मला कुणाच्याच भरवशावर झोप लागत नव्हती, नवऱ्याच्या नाही आणि देवाच्याही नाही. माझं माहेर देवाधर्माचं. संकष्टी, गुरुवार, इथे येऊनही सगळं पाळत आले होते. पण प्रत्येक देवापुढे उभं राहून तेच तेच मागायची मला लाज वाटायला लागली होती. माझे बाबा होते तसे परत दे, याहून वेगळं मला काही सुचतच नव्हतं, आणि ते काही कुणी देत नव्हतं.

सर्वपित्री अमावस्येला मी आईच्या नावाने डेकवर भाताचा घास ठेवला. संध्याकाळी नवरा बाबांजवळ बसला, म्हणून एकटीच तळ्याकडे फिरायला निघाले. आमच्या टाउनहाउसच्या मागून देवदारांतून एक पायवाट जाते. तळ्यापाशी तिला आणखी दोन वाटा येऊन मिळतात. त्या दिवशी तिथे बरोबर मधोमध एक मातीची ताटली ठेवलेली होती. तिच्यात दोन अंडी, लसणाचा अख्खा गड्डा, मध लावलेला पावाचा तुकडा, आणि शेजारी काचेच्या कंदिलात मेणबत्ती. तळ्यावर धुकं उतरत होतं आणि तो उजेड त्यात विरघळल्यागत दिसत होता. मी तिथेच थांबले. उतारा! अमावस्येला, तिठ्यावर, आणि तोही अमेरिकेत.

लहानपणी सुट्टीत मी बाबांच्या गाडीत त्यांच्या मागच्याच सीटवर बसून जायची. अमावस्येला गावाबाहेरच्या तिठ्यावर कुणीतरी भात, अंडं, लिंबू, गुलाल मांडून ठेवलेलं असायचं. बाबा भरलेली गाडी थांबवायचे, मागे घ्यायचे आणि रस्ता सोडून खाली मातीत चाकं उतरवून वळसा घालायचे. प्रवासी कुरकुरायचे, कंडक्टरकाका कपाळाला हात लावायचे. मी एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही भुताला घाबरता का? "भुताले कायले भ्याचं?" ते म्हणाले. "कोनाचं तरी दुखनं ठेवलं हाये थे. दुसऱ्याच्या दुखन्यावरून चाक नाही नेत." तळ्यापाशी उभी असताना मला त्यांचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. मीही ती ताटली ओलांडली नाही. ओल्या गवतातून लांबचा वळसा घालून, बूट चिखलाने भरवून घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वर्क व्हिसावर मांत्रिकपण यायला लागले की काय आता?" आणि बराच वेळ हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ताटली हातात घेऊन येताना मला आमची शेजारीण लिन दिसली. लिन साठी उलटलेली, पूर्वी शाळेत संगीत शिकवायची, नवरा गेल्यापासून एकटी राहते. येता-जाता हसून हात करण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलंच की ही कुणावर केलेली करणी आहे का? तिला आधी कळेना, मग कळलं तेव्हा ती खळखळून हसली आणि मला घरात घेऊन गेली.

तिच्या बैठकीच्या कोपऱ्यात एका बुटक्या कपाटावर काळं कापड अंथरलेलं होतं. त्यावर एक जुनी लोखंडी किल्ली, दोन मेणबत्त्या आणि तीन तोंडांच्या एका बाईची वीतभर मूर्ती होती. ही हेकाटी, लिन म्हणाली. प्राचीन ग्रीक लोकांची देवी. तिठ्यांची, उंबऱ्यांची, किल्ल्यांची. हातात मशाली असतात, सोबत कुत्री असतात. चंद्र नसेल त्या संध्याकाळी घर झाडून पुसून घ्यायचं आणि तिचं जेवण तीन वाटा मिळतात तिथे नेऊन ठेवायचं, अशी त्या लोकांची रीत होती. देवळं पडली, भाषा बदलल्या, रीत बुडाली. आता लिनसारखी कुठे कुठे विखुरलेली माणसं जुनं वाचून, एकमेकांना विचारून ती पुन्हा पाळू लागली आहेत. "मी काही ग्रीक नाही," लिन म्हणाली. "पण नवरा गेल्यावर मला कुठल्याच दाराची किल्ली सापडत नव्हती. मग हिचं नाव कानावर आलं, आणि वाटलं, हिला विचारून बघू."

खरं सांगायचं तर मला ते सगळं थोडं उसनं वाटलं. ज्या देवीची आरती म्हणणारी आजी कुणाच्याच घरात नाही, ती देवी कसली? तरी निघताना मी सवयीने मूर्तीला हात जोडले. घरी नाव सांगितलं तर नवरा म्हणाला, "नावातच हेका आहे, तुझं जमेल तिच्याशी." त्यावर मीही हसले, आणि विसरून गेले.

मार्गशीर्षातली अमावस्या आली. डिसेंबरात इथे दुपारीच अंधारून येतं आणि पाऊस आठवडाभर नुसता झिरपत राहतो. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. नवरा ग्रोसरी घेऊन आला, दोन्ही हातांत पिशव्या, आणि वरची कडी लावायची राहून गेली. मी खाली आले तेव्हा दार उघडं होतं. बाबांची चप्पल जागेवर होती आणि नवऱ्याचे बूट नव्हते.

त्या क्षणाबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही. नवऱ्याने पोलिसांना फोन केला, मला म्हणाला, "मी कारने मेन रोड बघतो, तू ट्रेलकडे जा, फोन हातात ठेव." मी धावत सुटले. आमच्या घरांच्या मागे, झाडी सुरू होते तिथेच, पायवाटेला एक फाटा फुटतो. डावीकडची वाट तळ्याकडे जाते, उजवीकडची थेट मोठ्या रस्त्यावर, जिथे ऑफिस सुटल्यावर गाड्या एकामागून एक वेगाने येत असतात. मी धांदलीत बाजूच्या घरांच्या रांगेत शिरले होते. तिथून फाट्यापर्यंत पोहोचायला बरंच अंतर होतं आणि पुढे कुठे वळायचं ते कळत नव्हतं. बाबा, बाबा, म्हणून हाका मारत होते. हाक मारतानाही मनात येत होतं की आता त्यांच्या लेखी ती कुणा परक्या बाईची हाक. मी थांबले. तोंडातून कुणाचंच नाव आलं नाही, गणपतीचं नाही, गजानन महाराजांचं नाही. नुसतं 'अगं आई' म्हणाले. ते कुणाला म्हणाले, मला माहीत नाही.

आणि फाट्याच्या बाजूला कुत्री भुंकायला लागली. एक नाही, बरीच. आमच्या इथली कुत्री शिस्तीची, सहसा आवाज करत नाहीत. मी त्या दिशेने पळाले.

झाडांखाली अंधार होता, पण फाट्यावर कंदील जळत होता. कंदिलाच्या अलीकडे बाबा उभे होते. अंगात स्वेटर, पायात नवऱ्याचे मोठे बूट, केसांवरून पाणी निथळत होतं. त्यांचं तोंड मोठ्या रस्त्याकडे होतं. त्यांच्यापुढे, वाटेच्या मधोमध, लिनची ताटली होती. अंडी, लसूण, पाव. कुत्री कुठेच दिसली नाहीत.

मी जाऊन त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "उतारा हाये बाई. यावरून गाडी नाही नेत. लेट होऊन राहिली, पन काय करता?"

"मागं घेऊ या गाडी, बाबा," मी म्हणाले. "माझ्यासोबत चला."

त्यांनी मान हलवली, हाताने गिअर टाकल्यासारखं केलं, आणि दोन पावलं मागे आले. मी त्यांना छातीशी धरून रडले. ते मला थोपटत राहिले, घाबरलेल्या प्रवाशाला धीर द्यावा तसे. माझं नाव, आईचं नाव, गाव, घर, सगळं ज्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, तिथे दुसऱ्याच्या दुखण्याची कदर तेवढी शाबूत होती. मी बाबांना गमावलं असं इतके दिवस म्हणत होते. खरे बाबा तर तिथेच उभे होते, भिजत.

लिनला हे सांगायला गेले तेव्हा तिने मला आत बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ती नेहमी तळ्यापर्यंत जाते, पण त्या दिवशी गुडघा फार दुखत होता, पाऊस होता. फाट्यावर आल्यावर तिला वाटलं, आज इथेच ठेवावं, तीन वाटा तर इथेही मिळतात. "आणि तू त्यांना पाहिलं नाहीस?" मी विचारलं. नाही, ती म्हणाली, ताट ठेवलं की मागे वळून पाहायचं नसतं, तशी रीत आहे. कुत्र्यांचं सांगितल्यावर ती फक्त किंचित हसली. मीही त्यावर काही म्हणणार नाही. गुडघा दुखायला हजार कारणं असतात आणि कुत्र्यांना भुंकायलाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या संध्याकाळी ती ताटली तळ्यावर असती, तर बाबा मोठ्या रस्त्यावर गेले असते.

पुढच्या अमावस्येला मी घर झाडून काढलं. अंडी उकडली, लसूण घेतला, मधाच्या पावाऐवजी गुळाची पोळी केली. "चालेल का हे तिला?" मी लिनला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या हातचं आहे ना, मग चालेल." आम्ही दोघी फाट्याकडे चाललो असताना तिने मला एक जुनी कथा सांगितली. एका देवीची मुलगी पाताळात नेली गेली. त्या मुलीचा आक्रोश हेकाटीने ऐकला. ती मशाल घेऊन मुलीच्या आईपाशी आली आणि तिच्यासोबत शोधत हिंडली. पुढे मुलगी सापडली, पण पुरती सुटली नाही. दरवर्षी काही महिने तिला त्या अंधारात परत जावंच लागे. ते काही हेकाटीने बदललं नाही. ती मुलीच्या पुढे आणि मागे उजेड धरून चालू लागली, जाताना आणि येतानाही.

मी वाकून ताट ठेवलं. हात जोडले, आणि इतक्या महिन्यांचं ते पाठ झालेलं मागणं ओठावर आलं, बाबा होते तसे परत दे. पण ते शब्द बाहेर पडेनात. ते किती मोठं आणि किती खोटं मागणं होतं, ते मला तिथे कळलं. होते तसे कुणीच परत येत नाही. मी म्हणाले, आई, बाबा आता तुझ्या रस्त्याला लागले आहेत. मी सोबत जाईन जमेल तिथवर. त्यापुढे तू बघ. एवढं बोलल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं, आणि मी घराकडे वळले. मागे पाहिलं नाही. पाहावंसं फार वाटत होतं.

आता घरी गणपतीपुढे रोज दिवा लागतो आणि अमावस्येला हेकाटीचं ताट होतं, दोघांचं भांडण काही झालेलं नाही. रात्री मी वर, माझ्या अंथरुणात झोपते. खाली आळीपाळीने नवरा असतो नाहीतर रात्रीच्या मदतीला येणारी बाई असते. बाबा दिवसेंदिवस दूर जात आहेत. परवा त्यांनी दिवसभर एकही शब्द उच्चारला नाही. एक दिवस ते अशा वाटेला लागतील जिथे मला त्यांचा हात धरता येणार नाही. त्या विचाराने मला अजून रडू येतं, पण आता भीती वाटत नाही. तिथे कुणीतरी दिवा घेऊन आधीच उभी असेल.