चतुर्थीची भरती

आज सकाळी कॅलेंडरवर चतुर्थी दिसली आणि मी मनातच म्हटलं, तीन वाजता भरती.

वीस वर्षांपूर्वी मी देवरूखहून बुरोंडीच्या शाळेत आले, तेव्हा समुद्र मला पुस्तकापुरताच ठाऊक होता. एका दुपारी मुलांना शिंपले दाखवायला खडकांकडे निघाले. वाटेत माझ्या वर्गातल्या सायलीची आई सुकट वाळत घालत होती. तो खारट, उन्हात तापलेला वास अजून नाकात आहे.

"बाई, पोरांना घेऊन कुठं चाललात? आज चतुर्थी. तीनाला पाणी भरणार!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिथीची पाऊणपट करायची. चाराची किती?"

डी.एड.ला गणितात पहिली आलेली मी बोटं मोजू लागले. पोरं खुदुखुदू हसली. मी सगळ्यांना मागे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांच्या तासाला मी सायलीच्या आईलाच वर्गात बोलावलं. खडू घ्यायला त्या लाजल्या. "मला लिवता नाय येत," म्हणाल्या आणि पोरांकडे वळल्या.

"आज पंचमी. भरती कधी?"

"पावणेचार!" अख्खा वर्ग ओरडला.

मी पाठमोरी, अजून फळ्यावर गुणाकारच मांडत होते.