दाबायच्या आदी हाळी द्या

"अनोळखी लिंक दाबायच्या आदी मला एक हाळी द्या. आन् दाबून झालं असंल, तर लगेच या."

आमच्या भोरच्या महाविद्यालयात संगणकांचं काम पाहणाऱ्या मॅडम हे इतक्या वेळा म्हणायच्या, की शेजारच्या ग्रंथालयात नोकरीला असलेल्या मलाही पाठ झालं होतं. मधल्या भिंतीला वर जाळी होती. त्यांच्या खोलीतलं सगळं मला ऐकू यायचं. रागावलेला आवाज मात्र कधी आला नाही.

त्या वेल्ह्याकडच्या, डोंगरातल्या एका वाडीतल्या. माहेरी शेळ्या-मेंढ्या. पुण्यात शिकल्या, तिथं नोकरीही केली, पण बोली बदलली नाही. सासर किकवीला, तिथून स्कूटीवर यायच्या.

त्या येण्याआधी आमच्याकडे दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम होता. आम्ही तो इमानदारीनं बदलायचो आणि चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवायचो. मॅडमनी सगळ्या खोल्यांतून फेरी मारली, चिठ्ठ्या पाहिल्या आणि थेट प्राचार्यांकडे गेल्या. "सर, माणसं चुकार न्हाईत. नियमच ध्यानात राहण्याजोगा न्हाई."

प्राचार्यांनी ऐकलं. मग घरातल्या चार वस्तूंची नावं जोडून एकच लांबलचक पासवर्ड करायचा, असं ठरलं. बाकीचे पासवर्ड जपून ठेवायची सोय मॅडमनी संगणकातच करून दिली. धान्य साठवायच्या कणगीवरून तिला आम्ही कणगीच म्हणायचो. लॉगिन करताना मोबाईलवर येणारा कोड मात्र कुणालाही सांगायचा नाही. "म्या मागितला तरी न्हाई," असं त्या बजावायच्या.

परीक्षा विभागात अण्णा होते. सगळ्यांत जुने, निवृत्तीला आलेले. निकालाच्या धावपळीत त्यांना विद्यापीठाच्या नावानं एक मेल आला. गुण भरायची मुदत आजच संपते, इथं लॉगिन करा. अण्णांनी केलं. पान कोरंच राहिलं आणि मोबाईलवर अनोळखी माणसाचा फोन आला, कोड सांगा म्हणून.

अण्णांनी फोन ठेवला आणि उठून मॅडमकडे आले. जाळीतून त्यांचा आवाज आला, "पोरी, म्या घाण करून ठेवली."

"बसा अण्णा. कोड दिला का?"

"न्हाई."

"मग निम्मं काम तुमीच केलंय. बरं झालं लगेच आलात."

मॅडमनी पासवर्ड बदलला, अण्णांचं खातं जिथं जिथं उघडं होतं तिथून बंद केलं, विद्यापीठाला कळवलं. संध्याकाळपर्यंत तपासून झालं. पोरांचे गुण जागच्या जागी होते. अण्णांनी तोवर डबा उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी अण्णांना मेमो द्यायचं काढलं. मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. माझं काम नुसतं उभं राहायचं होतं.

"सर, मेमो दिला तर पुढच्या वेळी कुणी सांगाय येणार न्हाई. मग मला कळणार कसं?"

मेमो निघाला नाही. उलट कर्मचाऱ्यांच्या बैठकीत अण्णा स्वतःहून उभे राहिले आणि घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं. कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात मॅडमच्या दाराशी रांग लागायची. कुणाला जुनी चूक सांगायची होती, कुणाला नुसतीच शंका होती. त्यात आमचे प्राचार्यही होते.

पुढे मॅडमचे वडील अंथरुणाला खिळले. आई एकटी पडली. गुरं, शेळ्या, सगळंच अंगावर आलं. मॅडमनी नोकरी सोडली आणि माहेरी जाऊन राहिल्या. जाताना प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबल्या.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी सत्कार आटोपल्यावर ते ग्रंथालयात आले. हार अजून गळ्यातच होता. त्यांनी मॅडमना फोन लावला. पलीकडून, संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं सांगणारा तो ठरावीक आवाज आला. तो संपला तरी अण्णांनी मोबाईल कानाशीच धरला होता.

"गुरं आणाय गेली असंल," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून वाट बघत बसले.