खिंडीच्या आदल्या दिवशीची तहान

कॅम्पवर डोकं असं ठणकायला लागलं, की टोपीसुद्धा सहन होईना. पण बोलते कशाला? बोलले की सर खाली धाडणार. सर म्हणजे आमचे लीडर, लातूरच्या एका शाळेत पीटी शिकवतात. पहिल्यांदाच हिमालय बघणाऱ्या आम्हा नांदेड-लातूरच्या लोकांना त्यांनीच जमवून आणलेलं. दुसऱ्या दिवशी खिंड चढायची होती. त्या खिंडीपायी मी नांदेडात नदीकाठी सरावाला पाठीवर वजन म्हणून तुरीची डाळ बांधून चालले होते. लोक हसले, सासूबाई म्हणाल्या, "येड लागलं का गं?" आणि आता इथनं परत? छे!

एका जागी बसवेना. तंबूभोवती नुसत्या येरझाऱ्या. माझी मोठी जाऊ दगडावर बसून बघत होती. ती शिरूर अनंतपाळची, तिच्या तोंडाला कुलूप न्हाई. उठली आणि थेट सरांना म्हणाली, "हिचं डोकं दुखायलंय. कालपासून घोटभर पाणी न्हाई पोटात."

असला राग आला तिचा! "का पीत नाही, ताई?" सरांनी विचारलं. म्हटलं, तहानच न्हाई. साफ खोटं. घसा कोरडाठाक पडला होता. पण सांगू काय? आम्ही बायका एसटीत बसायच्या आधीसुद्धा पाणी पिणं बंद करतो. मधी जायचं कुठं? इथं आम्ही दोघी जावा आणि लातूरच्या कॉलेजातल्या दोन पोरी, अशा चौघी; बाकी सगळे पुरुष. टॉयलेटचा तंबू होता, पण चहा पीत बसलेल्या त्या सगळ्यांसमोरून जायचं.

"दिवसभर पाणी प्या," सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं थांबलं नाही, तर उद्या खाली."

मग काय! बाटलीमागून बाटली. दर थोड्या वेळानं उठायचं, जाऊ आडोशाला शाल धरून पुढं. "मान खाली कशाला घालतीस? चोरी केलीस का?" तिचं चालूच. संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं. सर नुसते "चला" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी पीत पीतच खिंडीत पोचले. समोर ही बर्फाची शिखरं! कोणी रडत होतं, कोणी फोटो काढत होतं. मला मात्र धड उभंही राहवेना. आजूबाजूला सगळे पुरुष. जाऊ तर अजून खालीच, हळूहळू येत होती. मग मीच मोठ्यानं विचारलं, "सर, बायकांनी इथं कुठं जायचं?"

सरांनी पलीकडच्या खडकाकडं बोट दाखवलं. मी निघते न निघते तोच, लातूरच्या कॉलेजातल्या त्या दोन्ही पोरी माझ्याही आधी तिकडं पळत सुटल्या.